शेवटची पानं कुणी फाडली?

पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली आहेत, अशी तक्रार घेऊन मी सीताबर्डीच्या फुटपाथवर परत गेले होते. साठ रुपये मोजले होते, गंमत नाही. आदल्या शनिवारी नागपूरहून घरी जाताना एसटीत ते पुस्तक वाचत होते. उमरेड गेलं, भिवापूर गेलं, गोष्ट अशी रंगात आलेली की कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं ते कळलंच नाही. खुनी कोण याचा अंदाज आलेला, एक पांढऱ्या केसांचा गूढ म्हातारा कपाटाच्या दारावर खडूने रेघा मारून नाश्त्याला बसलेला, आणि पुढचं पान उलटलं तर... मागचा पुठ्ठा.

पुस्तकवाल्या काकांनी पुस्तक हातात घेतलं, शिवण पाहिली आणि परत दिलं. म्हणाले, "पानं सगळी आहेत बेटा. लिहिणाराच गेला."

तुम्हीही माझ्यासारखी प्रस्तावना गाळून थेट पहिल्या प्रकरणात उडी मारत असाल तर सांगून ठेवते, कधीकधी महागात पडतं. पुस्तक होतं चार्ल्स डिकन्सचं 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड'. दर महिन्याला एक असे बारा भाग ठरले होते. ८ जून १८७० ला दिवसभर डिकन्सने त्यावर काम केलं, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याला झटका आला, दुसऱ्या दिवशी तो गेला. तोवर तीन भाग छापून आले होते, आणखी तीन लिहून झाले होते. म्हणजे बरोब्बर अर्धी कादंबरी. त्या अर्ध्या कादंबरीत एक मुलगा गायब होतो आणि दीडशे वर्षं झाली तरी त्याचं काय झालं यावर जगभरचे वाचक भांडतायत.

हे सगळं पवनीच्या मुलीने तुम्हाला का सांगावं? कारण पुस्तक संपलं तेव्हा एसटीच्या खिडकीबाहेर जे जंगल होतं, त्यातून आमचाही एक एडविन ड्रूड गायब झालाय. १८ एप्रिल २०१६ ला. आमचा चार पायांचा होता. नाव जय.

पण आधी पुस्तकातला गायब झालेला. स्पॉइलरची भीती नको, शेवट कुणाकडेच नाही.

क्लॉइस्टरहॅम नावाचं एक जुनं, झोपाळू गाव. मोठं चर्च, पडका मठ, नदी. (मला सारखी पवनीच दिसत होती. किल्ल्याचा दरवाजा, जिकडे तिकडे मंदिरं, खाली वैनगंगा.) चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख जॉन जॅस्पर, वय सव्वीस. एडविन त्याचा भाचा, एकविशीच्या उंबरठ्यावरचा. मामा-भाच्यात जेमतेम पाच-सहा वर्षांचं अंतर, म्हणून भाचा मामाला सरळ 'जॅक' म्हणतो. मामाचा भाच्यावर इतका जीव की बघणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं. एडविनचं लग्न लहानपणीच वडीलधाऱ्यांनी रोझाशी ठरवून ठेवलंय. आणि मामाचा त्याच रोझावर डोळा आहे. मामा चोरून लंडनला जाऊन अफूही ओढतो. कादंबरी सुरूच होते ती अफूच्या अड्ड्यात, त्याच्या धुरकट स्वप्नातून.

गावात नेव्हिल नावाचा एक तरुण येतो. श्रीलंकेतून, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमधून. सावळा, तापट, परका. रोझावरून त्याचं आणि एडविनचं वाजतं. मामा पुढाकार घेतो, 'या रे, समेट करा' म्हणून ख्रिसमसच्या आदल्या रात्री दोघांना जेवायला बोलावतो. त्या रात्री भयंकर वादळ होतं. नेव्हिलच्या सांगण्यानुसार जेवण झाल्यावर ते दोघं नदीवर वादळ बघायला गेले आणि परत आले. सकाळी मामा ओरडत फिरतोय, माझा भाचा कुठाय? नेव्हिल पहाटेच पायी सहलीला निघालेला. लोक त्याच्या मागे धावतात, त्याला धरून आणतात. गावाचा निकाल तिथेच लागतो. परका आहे, सावळा आहे, भांडला होता. अजून काय पाहिजे?

इथे डिकन्स एक जबरदस्त खेळी करतो. एडविन आणि रोझा यांनी आपसांत ठरवून लग्न मोडलेलं असतं, फक्त मामाला सांगायचं राहिलेलं. भाचा गायब झाल्यावर रोझाचा पालक, ग्रूजियस नावाचा वकील, ही बातमी मामाला सांगतो. मामा किंचाळून जमिनीवर कोसळतो. दुःखाने? की ज्या कारणासाठी आपण हे केलं ते कारण मुळात उरलंच नव्हतं, हे कळल्यामुळे? डिकन्स सांगत नाही. वकील शेकोटीसमोर हात शेकत त्याच्याकडे बघत उभा राहतो. हा प्रसंग मी तीनदा वाचला.

मग नदीच्या बंधाऱ्याजवळ एडविनचं घड्याळ आणि शर्टाची पिन सापडते. मृतदेह नाही. आणि इथून थिअऱ्यांचा बाजार सुरू होतो.

पहिली आणि सगळ्यात दमदार थिअरी: मामानेच मारलं. हिच्या बाजूने साक्षीदारही तगडे आहेत. डिकन्सचा जिवलग मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने लिहून ठेवलंय की डिकन्सने त्याला गोष्टीचा गाभा सांगितला होता: मामा भाच्याचा खून करतो, आणि एका अंगठीवरून सगळं उघडकीला येतं. ही अंगठी लक्षात ठेवा, पुढे लागेल. रोझाच्या आईची, हिरे-माणकांची. वकिलाने ती एडविनला लग्नासाठी दिलेली असते, लग्न मोडल्यामुळे ती त्याच्या खिशातच राहते. मामाला हे माहीतच नाही. त्याच्या हिशेबात भाच्याच्या अंगावर दोनच वस्तू, घड्याळ आणि पिन. गावातल्या घड्याळजीकडे त्याने तसं बोलूनही दाखवलेलं असतं. आणि खुनाच्या आधी एका रात्री तो थडगी बांधणाऱ्या डर्डल्स नावाच्या पाथरवटाबरोबर चर्चच्या तळघरात फिरून येतो, वाटेत कळीच्या चुन्याचा ढीग लागतो, आणि डर्डल्स सांगतो की हा चुना हाडंसुद्धा खाऊन टाकेल. जोडा आता. चुना सगळं खाईल, अंगठी खाणार नाही.

(एक आगाऊ माहिती: कळीचा चुना प्रेत खात नाही. उलट कधीकधी ते टिकवतो, असं आजचं न्यायवैद्यक सांगतं. पण डिकन्सच्या वाचकांना हे कुठे ठाऊक होतं?)

पुस्तकाची चित्रं काढणारा ल्यूक फिल्ड्स यानेही १९०५ मध्ये सांगितलं की जॅस्परच्या गळ्यात दोनदा गुंडाळता येईल असा लांब रुमाल काढ, असं डिकन्सने त्याला बजावलं होतं. का, असं विचारल्यावर डिकन्स आधी घुटमळला आणि मग म्हणाला की त्यानेच तो एडविनचा गळा आवळणार आहे.

मग वाद कशाचा? वाद असा की डिकन्सने फॉर्स्टरला पत्रात लिहिलं होतं, कल्पना अगदी नवीन आहे आणि सांगितली तर मजा जाईल. 'मामाने मारलं' यात नवीन काय? ते तर आपल्याला चौथ्या-पाचव्या प्रकरणातच कळतं. म्हणून दुसरी थिअरी: एडविन मेलाच नाही. अफूच्या तारेत मामाचा हात चुकला, मुलगा वाचला, आणि आता लपून मामावर नजर ठेवून आहे. १८८७ मध्ये रिचर्ड प्रॉक्टर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ग्रहताऱ्यांचे हिशेब मांडणारा माणूस, त्याने तसेच कादंबरीचे मांडले. त्याच्या मते तो पांढऱ्या केसांचा म्हातारा, डॅचरी, म्हणजे वेषांतर केलेला एडविनच. मुखपृष्ठावर तळाशी एक चित्र आहे: कंदील घेतलेला माणूस अंधाऱ्या खोलीत शिरतोय आणि समोर एक तरुण उभा आहे. हा बघा जिवंत एडविन, असं या पक्षाचं म्हणणं. विरोधक म्हणतात, ते भूत आहे किंवा मामाच्या मनाचा खेळ. डॅचरी कोण यावर तर वेगळीच जत्रा आहे: नेव्हिलची जुळी बहीण, वकिलाचा कारकून, स्वतः वकील. त्यात मी शिरत नाही, दिवस मावळेल.

तिसरी थिअरी आपल्या अंगणातली आहे. १९३० मध्ये हॉवर्ड डफिल्ड या अमेरिकन अभ्यासकाने मांडलं की जॅस्पर हा ठग आहे. आपला, कालीमातेच्या नावाने रुमालाने गळे आवळणारा ठग. पुढे एडमंड विल्सनसारख्या नामवंत समीक्षकाने ती उचलून धरली. वाचून मी ताठ बसले, कारण ठगांच्या बंदोबस्ताची इंग्रजांची मोहीम चालवणारा कर्नल स्लीमन जबलपूरला बसायचा, आणि जबलपूरच्या शेजारच्या सिवनी जिल्ह्यातच आमची वैनगंगा उगम पावते. १८३९ मध्ये मेडोज टेलरने ठगावर कादंबरी लिहिली, इंग्लंडमध्ये ती गाजली, 'ठग' हा शब्द इंग्रजीत जाऊन बसला. म्हणजे डिकन्सला ठग माहीत असणार यात शंका नाही. शिवाय खुनाच्या संध्याकाळी जॅस्परच्या अंगावर मोठा काळा स्कार्फ आहे, आणि तो काढून फास करावा तसा हातावर अडकवतो.

पण तुम्हीच सांगा, ही थिअरी कशाला हवी? चर्चमध्ये गाणारा, गावात मान असलेला इंग्रज माणूस बाईच्या मोहापायी भाच्याला मारतो, हे पुरेसं नाही? त्याला आपल्याकडची काली कशाला चिकटवायची? मला वाटतं, पुस्तकातलं गाव नेव्हिलशी जे करतं तेच इथे अभ्यासकांनी केलं. गुन्हा घरातला निघायला लागला की तो बाहेरून आलाय असं दाखवायचं. मामा सुटत नसेल तर निदान त्याला परका करून टाका.

थिअऱ्यांचा कळस बघायचा असेल तर दोन गोष्टी सांगते. १८७३ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये एका छापखान्यातल्या माणसाने जाहीर केलं की डिकन्सचा आत्मा माझ्या हातून पुढचा भाग लिहून घेतोय. त्याने तो छापला, आणि विकलाही गेला. आणि ७ जानेवारी १९१४ ला लंडनमध्ये डिकन्सप्रेमींनी जॉन जॅस्परवर चक्क खटला भरला. न्यायाधीश जी. के. चेस्टरटन, ज्युरीचे प्रमुख जॉर्ज बर्नार्ड शॉ. तासन्‌तास साक्षी झाल्या. शेवटी शॉ उठून म्हणाला की ब्रिटिश परंपरेला जागून आम्ही निकाल जेवणाच्या सुट्टीतच ठरवलाय: खून नाही, सदोष मनुष्यवध. पुरावा तर नाही, पण अगदीच सोडून दिलं तर झोपेत आमचे गळे आवळले जायचे. चेस्टरटनने मग स्वतःला सोडून सगळ्यांना कोर्टाच्या अवमानाबद्दल दंड ठोठावला.

आमच्या पवनीत असा खटला कधी झाला नाही. बाकी सगळं झालं.

जय कोण होता हे तुम्ही विदर्भातले असाल तर सांगायला नको. बाकीच्यांसाठी: नागझिऱ्यात जन्मलेला, 'शोले'तल्या जयवरून नाव पडलेला वाघ. भावाचं नाव अर्थात वीरू. २०१३ मध्ये शंभर किलोमीटरहून जास्त अंतर चालून तो उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आला आणि तिथला राजा झाला. जेमतेम १८९ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. जय आला आणि पवनी गेटवर जिप्सींच्या रांगा लागल्या. आशियातला सगळ्यात मोठा वाघ असा त्याचा डंका वाजला. खरं-खोटं वजनकाट्यालाच माहीत, पण आमची छाती तेवढ्याने फुगली. मी आठवीत होते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या वहीवर जय होता, उरलेल्या निम्म्यांच्या वहीवर विराट.

सप्टेंबर २०१५ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याला रेडिओ कॉलर लावली. ती बंद पडली. मार्च २०१६ मध्ये दुसरी लावली. १८ एप्रिलला पवनीच्या जंगलातून तिचा शेवटचा सिग्नल आला. त्यानंतर काही नाही. जुलैत ही बातमी फुटली आणि देशभर गाजली. शेकडो वनकर्मचारी आणि स्वयंसेवकांनी जंगल विंचरून काढलं, माहिती देणाऱ्याला पन्नास हजारांचं बक्षीस लागलं, चौकशीच्या मागण्या झाल्या. जय नाही. कॉलर नाही. एक केससुद्धा नाही.

आता पवनीच्या बसस्टँडवर कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा आणि नुसतं "जयचं काय झालं असेल?" एवढं म्हणा. चहा थंड होईल.

"मेला नाही जी तो. तेलंगणात हाये." ही आमची 'एडविन जिवंत आहे' थिअरी, आणि ती अगदीच हवेतली नाही. जो वाघ नागझिऱ्याहून इथवर चालत आला तो पुढेही जाऊ शकतो. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला 'वॉकर' हा वाघ तीन हजार किलोमीटरहून जास्त भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. शिवाय जयची आधीची कॉलर बंद पडलीच होती, मग दुसरी का पडणार नाही? सिग्नल थांबला याचा अर्थ वाघ थांबला असा होत नाही. मलाही ही थिअरी वर्षानुवर्षं आवडायची.

"बाहेरच्या टोळीनं नेला. कातडं दिल्ली, हाडं चीन." ही दुसरी. वाघांच्या शिकारी टोळ्या विदर्भात येऊन गेल्यात, पकडल्याही गेल्यात, त्यामुळे हीसुद्धा खोटी म्हणता येत नाही. तिसरी थिअरी दुसऱ्या वाघाशी झुंज होऊन मेल्याची. तिच्यात फार दम नाही. एवढं मोठं धूड मेलं तर गिधाडं नसली तरी कावळे सांगतातच, आणि कॉलर कुठे पळून जाणार होती? चौथी, 'साहेब लोकांना सगळं माहीत आहे'. ती सगळ्याच विषयांवर असते, पेपरफुटीवरही आणि लोडशेडिंगवरही.

आणि एक थिअरी आहे जी टपरीवर कुणी मोठ्याने बोलत नाही. ती सांगताना माणूस आधी इकडेतिकडे बघतो. "करंट लागला असंल."

शहरातल्या वाचकांना हे समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे धान. धान निसवायला लागलं की रानडुकरं येतात. एक कळप एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवून टाकतो. सगळ्यांचीच रोज रात्री जागलीला जायची ताकद नसते. मग कुणीतरी धुऱ्यावर खुंट्या ठोकतो, उघडी तार ओढतो आणि वरून जाणाऱ्या लाइनवर आकडा टाकतो. मारायचं असतं डुक्कर. पण तार नाव विचारत नाही. कधी शेजाऱ्याचा बैल मरतो, कधी शेजारी मरतो. आणि कधी वाघ. डुकरासाठी तार लावणारा माणूस सकाळी धुऱ्यावर वाघ बघतो तेव्हा त्याच्यापुढे दोन रस्ते असतात: वन विभागाला कळवून तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा खटला ओढवून घ्यायचा, नाहीतर फावडं आणायचं.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. एप्रिल २०१७ मध्ये, जय गेल्याला वर्ष होत असतानाच, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात एक रेडिओ कॉलर बेवारस सापडली. ती जयच्या मुलाची होती, श्रीनिवासची. तपास झाला, एका शेतातली जमीन उकरली गेली, खाली श्रीनिवास. डुकरांसाठी लावलेल्या करंटने गेलेला. शेतकऱ्याने कबुली दिली.

वाचताना मला अंगठी आठवली. मातीत पुरलं की वाघ संपतो, कॉलर संपत नाही. मारणाऱ्याला ती नेमकी कुठे टाकायची हे सुचत नाही, आणि तीच बोलते. श्रीनिवासची गोष्ट पूर्ण झाली कारण त्याची अंगठी सापडली. जयची अजून सापडलेली नाही. त्यामुळे तो करंटनेच गेला असं मी म्हणणार नाही. म्हणता येणार नाही. मुलाच्या पुराव्यावर बापाचा निकाल लागत नाही, हे शॉच्या ज्युरीलाही पटलं असतं. पण एवढ्या थिअऱ्यांमधली नेमकी हीच दबक्या आवाजात का बोलली जाते, हे मला एडविन ड्रूड वाचेपर्यंत कधी सुचलं नव्हतं. तेलंगणात गेला म्हणजे कुणाचाच दोष नाही. टोळीने नेला म्हणजे बाहेरच्यांचा दोष. करंट म्हटलं की प्रश्न येतो, कुणाच्या धुऱ्यावर?

माझे आबाजी बाबूराव अर्नाळकरांच्या जमान्यातले. झुंजार आणि काळा पहाड वाचत मोठे झालेले. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या निम्म्या आपण वाचल्या असा आबाजींचा दावा आहे. त्या शनिवारी रात्री जेवताना मी त्यांना एडविन ड्रूडची गोष्ट अर्ध्यापर्यंत सांगितली, डिकन्सने सोडली तिथवर, आणि विचारलं, सांगा आता.

आबाजींनी भाताचा घास खाली ठेवला नाही की विचार केला नाही. "मामा."

"कशावरून?"

"सगळ्याइत नं जास्त कोण रडून राह्यला? त्याले धरायचा. झुंजारचा कायदा हाय हा."

आई हसली. मी म्हटलं, बरं, मग जयचं काय झालं ते सांगा. हा प्रश्न आमच्या घरात नवीन नाही, आणि आबाजींचं उत्तरही ठरलेलं, तेलंगणात. गेली कित्येक वर्षं मी ते ऐकत आलेय. आठवीत परीक्षा संपल्यावर मी जयसाठी रडले होते, तेव्हा मला मांडीवर घेऊन त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं होतं की तो तेलंगणात गेला, तिथे जंगल मोठं आहे.

या वेळी ते लगेच बोलले नाहीत. ताटातला भात गोळा करत राहिले.

"आबाजी, तेव्हा आपल्या शेताला तार होती?"

"मी जागलीले जात होतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जोवर गुडघे चालत होते तोवर."

"आणि मग?"

आईने मला डोळ्यांनी खुणावलं. आबाजींनी पाण्याचा गडवा उचलला, घोटभर पाणी प्यायले आणि खाली ठेवला.

"कॉलर भेटली का त्याची?"

"नाही."

"मंग तेलंगणातच असंल," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.